विमानाखालची वावरं

यंदा भादव्यात गावी, दर्यापूरला गेले, तर आमच्या शेजारच्या वावरात ड्रोनने फवारणी चालली होती. धुऱ्याच्या बांधावर तिशीतली एक बाई उभी, ओढणीने नाकतोंड बांधलेलं, गळ्यात अडकवलेल्या रिमोटवर एक छोटा पडदा. मला राहवलं नाही. चपला हातात घेतल्या, काळ्या चिखलात पाय रुतवत तिच्यापर्यंत गेले आणि तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावले. वरच्या कडेतून पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, ओळी येत होत्या, संथपणे खाली सरकत होत्या आणि खालच्या कडेला नाहीशा होत होत्या. "ताई, तिकडे सरका बापा, वास लागन," ती म्हणाली. मी सरकले नाही. तो वास मला नवा नव्हता, आणि वरून खाली सरकणारी जमीनही नवी नव्हती. आठवीत असताना चौदा इंची टीव्हीवर ती मी एक अख्खा मोसम पाहिली होती.

फवारणीच्या मोसमाला पंचांगात नाव नाही. तो पोळ्याच्या आधी सुरू होतो आणि महालक्ष्म्या उठून गेल्या तरी संपत नाही. हवा दमट, आभाळ अर्धवट, पऱ्हाटी कमरेला लागलेली, आणि गावभर एक कडवट, थोडा लसणासारखा वास. तो कपड्यांना येतो, माठातल्या पाण्याला येतो, बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या केसांना येतो. अमरावतीला मी ज्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते, तिथे या दिवसांत खेड्यांवरून येणारी मुलं पहिल्या तासाला हा वास घेऊनच येतात. दुसरे सर खिडक्या उघडायला लावतात. मी मात्र फळ्याकडे वळून उगाच दोन मिनिटं काहीतरी पुसत राहते.

मी आठवीत होते, ते कापसाचे वाईट दिवस होते. अळी मरत नाही म्हणून औषध वाढवायचं, औषधाला अळी सरावते म्हणून आणखी जहाल आणायचं, असं चाललेलं. बाबा पाठीवर पंप घेऊन स्वतः फवारायचे. नोझलमध्ये कचरा अडकला की बहुतेक सगळे करतात तेच तेही करायचे. नोझल काढायची आणि तोंडाने फुंकायची. काडी कोण शोधत बसणार? आदल्या साली असंच फुंकायला तोंडाजवळ नेली, तर पंपात हवा राहिलेली, आणि औषधाची चिळकांडी थेट दोन्ही डोळ्यांत. गावातल्या डॉक्टरांनी डोळे धुतले, थेंब दिले, आठ दिवस घाला म्हणाले. थेंबांनी आग थांबायची, लाली जायची. म्हणून बाबांनी ते आठ दिवस नाही, वर्षभर घातले. बाटली संपली की रिकामी बाटली मेडिकलमध्ये दाखवायची, की तशीच दुसरी मिळायची. यात काही चूक आहे हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या साली पहिल्याच फवारणीला त्यांचे डोळे पुन्हा लाल झाले, आणि आई हटून बसली. "यंदा तुमी फवाऱ्याले जायाचं नाई. भावजी पाहातीन सारं." भावजी म्हणजे माझे काका. त्यांनी खरंच सगळं पाहिलं, आणि बाबा घरी बसले.

घरात बसलेला शेतकरी ही त्या वर्षांत भीतीची गोष्ट होती. आजूबाजूच्या गावांतून ज्या बातम्या येत, त्या मोठी माणसं आमच्यासमोर अर्ध्यावर तोडायची. उरलेला अर्धा आम्हाला कळायचाच. आईने फडताळातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या एका पोत्यात घातल्या आणि शाहीनच्या घरी नेऊन ठेवल्या. शाहीन माझी मैत्रीण, आमची भिंतीला भिंत लागलेली. तिचे अब्बा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचे. "घरात जागाच नाई," असं आईने कारण सांगितलं. आमच्या घरात जागा किती आहे हे शाहीनच्या अम्मीला चांगलं ठाऊक होतं. तिने काही न विचारता पोतं कोठीत टाकलं आणि कुलूप लावलं. म्हणूनच बाबा आमच्या टीव्ही गेममध्ये रमले तेव्हा आई एका शब्दाने बोलली नाही. पोरी अभ्यास सोडून काय करून राहिल्या, हे विचारणंही तिने सोडलं. बाबा नुसते भिंतीकडे बघत बसलेले नाहीत, एवढं तिला पुरे होतं.

खरं म्हणजे तो गेम नव्हताच, 'कॉम्प्युटर' होता. बाबांनी तो माझ्यासाठी अमरावतीहून आणला होता, पोरगी कॉम्प्युटर शिकली पाहिजे म्हणून. दिसायला अगदी कीबोर्ड. पाठीमागे एक खाच, तिच्यात पिवळी कॅसेट खोचायची आणि वायर टीव्हीला लावायची. खेळायला वेगळा, वायरीचा रिमोट. एक कॅसेट टायपिंगची होती. अक्षरं लिहिलेले फुगे खाली यायचे, ते अक्षर दाबलं की फुगा फुटायचा. दुसऱ्या कॅसेटवर हजारो गेम असल्याचं लिहिलेलं. प्रत्यक्षात तेच दहा-बारा नावं बदलून येत. दुकानदाराने ही दुसरी कॅसेट फुकट दिली असं बाबा सांगायचे. त्यांना वाटायचं की मी टायपिंग करते. मी आणि शाहीन 'विमान' खेळायचो.

विमान म्हणजे पडद्याच्या खालच्या बाजूला एक छोटं रुपेरी यान. ते वर वर जातंय असं वाटायचं, पण खरं तर ते तिथेच असायचं आणि जमीन वरून खाली सरकायची. हिरवी जंगलं, निळ्या नद्या, तपकिरी उघडे पट्टे. समोरून थाळ्यांसारखी शत्रूची यानं यायची आणि बारीक गोळ्या सोडायची. एका बटणाने हवेतली यानं मारायची, दुसऱ्याने जमिनीवरच्या टाक्यांवर बॉम्ब टाकायचा. शाहीन यात वाघीण होती. ती ओठ दाताखाली धरून खेळायची आणि मेली की मलाच बोलायची, "तू काहून मधात बोलते व?" मी खेळण्यात सुमार. मला एकच गोष्ट हवी होती: याच्या शेवटी काय आहे? नदी कुठे जाते, जंगल संपल्यावर काय लागतं, शेवटचं गाव कोणाचं?

ते कळायला दर्यापुरात मार्ग नव्हता. आमच्या भागात सकाळी लाइन, म्हणजे वीज, जायची ती दुपारी दोनला यायची, आणि सहा वाजता पुन्हा जायची. कधी तीनलाच जायची. हा गेम काही लक्षात ठेवत नसे. लाइन गेली की जंगल, नदी, आपण मिळवलेलं सगळं खलास. आली की पुन्हा पहिल्या झाडापासून सुरुवात. अख्ख्या गल्लीत तो शेवटपर्यंत कुणी पाहिलेला नव्हता. शाहीन म्हणायची, शेवटी राजवाडा आहे. मी म्हणायचे, समुद्र. दोघींनीही समुद्र आणि राजवाडा चित्रातच पाहिला होता.

बाबा पहिल्यांदा आमच्या मागे येऊन बसले, पडदा बघत राहिले. मग म्हणाले, "हे वावर कोनाचं हाये?"

आम्ही दोघी हसलो. पण त्यांनी गमतीने विचारलं नव्हतं. त्यांना यानं, गोळ्या यांच्यात काडीचा रस नव्हता. ते जमीन बघत होते. इथे पाणी जवळ आहे तरी हा पट्टा उघडा कसा ठेवला? ही नदी इतकी सरळ कशी वाहते, कुणी वळवली का? जंगलाच्या मधोमध रस्ता आहे तर बैलगाडी उतरते कुठे? आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असतं. बाभळीचं वावर, नाल्यावरचं, म्हसोबाचं, बुवाचं, तसं. बाबांनी आठ दिवसांत त्या गेममधल्या वावरांना नावं ठेवली. माझ्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलने नकाशा काढायला घेतला, अगदी तलाठ्याकडे असतो तसा. नदी, नदीकाठचा पट्टा, 'मोठं रान', 'जोडनाला', आणि एक लांबच लांब तपकिरी तुकडा, त्यावर लिहिलं 'पडीत'.

मग एके दिवशी त्यांनी रिमोट मागितला. शाहीनने बटणं समजावली. बाबा खेळले, पण एकही गोळी मारली नाही. विमान नुसतं डावीकडे-उजवीकडे सरकवत राहिले.

"काका, फायर दाबा ना!" शाहीन ओरडली.

"काहून? माह्यं काय वाकडं केलं त्याईनं?"

आणि गंमत म्हणजे ते मरेनात. शाहीन जिथे हमखास मरायची ते 'मोठं रान' त्यांनी पार केलं. तिथे तिच्यावर जेवढी यानं तुटून पडायची, तेवढी त्यांच्यावर आलीच नाहीत. आम्ही दोघींनी आठवडाभर हे तपासलं. जास्त मारलं की जास्त चिवट यानं यायची. मारलं नाही की येणारी यायची आणि आपल्या वाटेने निघून जायची. बाबांना हे सांगितलं. "अळीचं बी असंच झालं बापा," ते म्हणाले, आणि आईला चहा मागितला.

बाबांनीच आमचा मोठा प्रश्न सोडवला. गणपतीच्या दिवसांत एकदा लाइन सलग टिकली, आणि ते कितीतरी पुढे गेले. नवी नदी, नवं जंगल, पुन्हा नवी नदी. मधेच बाबा म्हणाले, "हे वावर येऊन गेलं."

"नाही बाबा, हे नवीन आहे."

"जोडनाला हाये हा. पाह्य, पुढं आता पडीत येते."

पडीतच आलं. आम्ही वहीतला नकाशा घेऊन बसलो. एकेक पट्टा त्याच क्रमाने परत येत गेला. शेवट नव्हताच. मी इतकी खट्टू झाले की रात्री जेवले नाही. शाहीनला वेगळंच काही सुचलं होतं. ती नकाशावर बोट फिरवत म्हणाली, "काकाने टाकी एक बी नाई काढली. किती टाक्या हायेत जमिनीवर!" मी म्हणाले, त्या मारायच्या गोष्टी, वावराच्या नकाशात कशाला काढतील? तिला ते पटलं. मलाही पटलं, याचं आज आश्चर्य वाटतं. पंधरा वर्षं मी मुलांना सांगतेय की चित्रात काय आहे ते बघा, आणि काय नाही तेही बघा.

शाहीनचे नईम मामू अकोल्याला, जुन्या शहरात, व्हिडिओ गेमचं दुकान चालवायचे. ते एकदा आले असता आमचा 'कॉम्प्युटर' हातात घेऊन हसले. "ये तो बच्चा है. इसका बाप मेरे पास है." बाप म्हणजे मूळ मशीन, लाकडी खोक्यातली, नाणं टाकून खेळायची. बाबांनी लगेच विचारलं, "त्याच्यात जमीन हेच हाये का?" मामूंना प्रश्न कळला नाही. "आके देख लो, भाऊसाब."

आणि आम्ही खरंच गेलो. आई, तिच्या स्वभावाला सोडून, लगेच हो म्हणाली. म्हैसांगच्या रस्त्याने एसटी पूर्णेवरून गेली, तेव्हा बाबा खिडकीला नाक लावून पात्राकडे बघत होते. अकोल्यात उतरलो, मोर्णेचा पूल ओलांडला, आणि अत्तर, तळण आणि नव्या कापडाच्या खळीच्या वासांतून वळत वळत एका बोळात शिरलो. दुकान अंधारं, आत सात-आठ मशिनी, प्रत्येकीचा आवाज वेगळा आणि सगळ्यांचा एकदम. मुली तिथे येत नसत. मामूंनी खेळणाऱ्यांना बाजूला केलं, बाबांसाठी स्टूल पुसलं आणि शाहीनला नाणं दिलं.

शाहीन खेळत होती, मी गोळ्या बघत होते. घरच्यापेक्षा सगळं रेखीव, झाडांना सावल्याही होत्या. पडीत आलं. अचानक बाबा स्टुलावरून उठले. "पक्षी हाये."

"कुठे?"

"अवो, हे काय! केवढा पक्षी काढेल हाये वावरात!"

तेव्हा मला दिसला. उघड्या तपकिरी जमिनीवर रेघांनी काढलेला एक प्रचंड पक्षी, पंख पसरलेला, लांब चोचीचा, पडद्यात न मावणारा. आधी चोच आली, मग मान, मग पंख, आणि तो हळूहळू खाली सरकून गेला. आमच्या पिवळ्या कॅसेटमध्ये तिथे नुसतं पडीत होतं. मामू डोकं खाजवत होते. "इतने साल से मशीन मेरे पास है. कसम से, मैंने कभी नहीं देखा." तिथे रोज खेळणाऱ्यांपैकीही कुणी तो पाहिला नव्हता. सगळ्यांचं लक्ष यानांवर. पुढे मोठेपणी मी इंटरनेटवर शोधून काढलं की घरच्या मशीनमध्ये जागा कमी, म्हणून तो गाळला होता. पण तो कुणी काढला असेल, विमानातूनच दिसेल एवढा मोठा कशासाठी काढला असेल, यावर बाबा आणि मी त्या बोळात उभे राहून कितीतरी बोललो. बाबा इतके आनंदात मी त्या साली दुसऱ्यांदा पाहिले नाहीत.

मग मामूंनी त्यांना खेळायला बसवलं. बाबा बसले, आणि मेले. पहिल्या झाडापाशीच. दुसरं विमान, तेही गेलं. तिसरंही. मामूंनी आणखी नाणं टाकलं. पुन्हा तेच. बाबा हसले, म्हणाले, मशीनचा दांडा कडक आहे, हात बसला नाही. शाहीनही म्हणाली, दांडा कडकच आहे. पण शाहीन याच दांड्याने पडीतापर्यंत गेली होती.

परतीच्या एसटीत मला चैन पडेना. दांडा कडक, हे पहिलं कारण. पण मग विमान सरकलं असतं, उशिरा. ते सरकलंच नाही. पडदा मोठा, हे दुसरं. मग तर सोपं जायला हवं होतं. तिसरं कारण पूर्णेच्या पुलावर सुचलं. दुकानात गोंगाट होता. आणि घरी बाबा खेळायला बसले की पहिलं वाक्य कायम एकच असायचं: "आवाज वाढव."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लाइन आली. मी टीव्हीचा आवाज शून्यावर नेला आणि म्हणाले, "बाबा, आवाज बिघडला वाटतं." ते बसले. पहिल्या झाडापाशी मेले. मी बटणाशी झटापट केल्यासारखं करून आवाज सुरू केला. ते 'मोठं रान' पार करून गेले. पुन्हा बंद, पुन्हा पहिलं झाड. तीन वेळा केलं आणि वहीत लिहून ठेवलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला नीट केलेला प्रयोग, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला दुःख वगैरे झालं नाही. मला भयंकर आनंद झाला. प्रत्येक प्रकारच्या यानाबरोबर आवाज बदलतो. बाबा आवाज ओळखून विमान बाजूला नेत होते. बारीक गोळ्या त्यांना दिसत नव्हत्या. टाक्या दिसत नव्हत्या. जे मोठं, तेवढंच दिसत होतं: नद्या, रानं, पक्षी.

"बाबा, तुम्हाले गोळ्या दिसत नाहीत ना?"

त्यांनी रिमोट खाली ठेवला. स्वयंपाकघराकडे मान वळवून कानोसा घेतला. आई भाकरी थापत होती.

"धुकं हाये," ते हळूच म्हणाले. "दोनी डोयात. लय दिवस झाले. तुह्या मायले सांगू नोको, ज्योते."

"काहून?"

"तिले समजलं का वावर ठोक्यानं जाईन." ठोक्याने म्हणजे वर्षभरासाठी दुसऱ्याला कसायला. "एक डाव गेलं का मंग आंधया मानसाले कोन परत करते वावर? मंग मी काय करू? इथंच बसू?"

मी कबूल केलं. सांगणार नाही म्हणाले. पण त्या 'इथंच बसू' मधली भीती मलाही कळत होती. ते पोतं कशासाठी शेजारी गेलं हे मला ठाऊक होतं. सांगितलं तर वावर जाणार, आणि वावर गेलं तर बाबांचं काय होणार? नाही सांगितलं तर डोळ्यांचं काय? तेराव्या वर्षी हे पोटात घेऊन मी शाळेत जात होते, सहामाहीचे पेपर लिहीत होते. बाबा मात्र माझ्याशी जास्तच गोड वागायला लागले होते. ते मला सहन होत नव्हतं.

शेवटी शाहीनला सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोतं आमच्या घरी हाये. कुलूप लावेल हाये, किल्ली अम्मीच्या कमरेले. तू सांगून टाक."

तरी मी सांगितलं नाही. आईनेच दसऱ्याआधी अमरावतीला डोळे दाखवायचं ठरवलं होतं. मला सोबत घेतलं, कारण कागद भरायला शिकलेलं माणूस हवं. त्या दवाखान्यात तपासायच्या खोलीचं दार उघडंच, आणि बाहेर बाकांवर आम्ही रांगेत. आतल्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक होत जाणारी. एकेक पेशंट आत जायचा आणि मोठ्याने वाचायचा. माझ्या शेजारी बाबा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. आतला पेशंट वाचायचा, बाबा ओठांतल्या ओठांत म्हणायचे. पाच-सहा पेशंट झाल्यावर ते आतल्या माणसाच्या पुढे जायला लागले.

त्यांची पाळी आली. डॉक्टर बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या. बाबांनी उजवा डोळा झाकून तक्ता वाचला, डावा झाकून वाचला. न अडखळता, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. "अरे वा! काका, नजर तर छान आहे," बाई म्हणाल्या. आईने पदर तोंडाला लावला. तिचे डोळे भरून आले होते. किती महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी बघत होते, आणि मला तोंड उघडायचं होतं.

"मॅडम," मी म्हणाले, "त्यांना पाठ झालंय. दुसरा तक्ता लावा."

आवाज माझाच होता, पण बारीक निघाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनी तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. "वाचा काका." बाबांनी वरचं एक अक्षर सांगितलं. खालची ओळ त्यांना वाचता आली नाही. आईचा पदर तोंडावरून खाली आला.

मी ते का बोलले, हे मी आजवर स्वतःला विचारत आले आहे. बाबांसाठी बोलले असं म्हणायला आवडेल, आणि ते खरंही आहे. पण त्यात थोडं असंही होतं की मला प्रयोगाचं उत्तर हवं होतं. तक्ता बदलला तर काय होतं? प्रेम किती आणि कुतूहल किती, हे मला तेव्हा वेगळं करता आलं नाही, आताही येत नाही.

बाईंनी थेंबांची बाटली मागितली. आईने पिशवीतून काढून दिली, आणि बाईंचा चेहराच बदलला. त्या थेंबांनी वरवरची लाली जाते, पण महिनोन्‌महिने घातले तर डोळ्याच्या आतला दाब वाढतो आणि मोतीबिंदूही धरतो. बाबांचं दोन्ही झालं होतं. "मोतीबिंदू काढता येतो," बाई म्हणाल्या. "दाबाने गेलेली नजर परत येत नाही. डाव्याची थोडी गेलीच आहे. आणखी काही महिने हेच चाललं असतं, तर दोन्ही डोळे गेले असते." आईने हे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "वावरात जाता येईन ना त्याईले?" मला वाटतं, बाबांनी त्या क्षणी तिच्याकडे पाहिलं. ठोक्याचा विषय तिच्या डोक्यात कधी नव्हताच.

"फवारणी सोडून सगळं," बाई म्हणाल्या.

आधी दाबाची औषधं, मग एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. बाबा घरी खाटेवर काळा चष्मा लावून पडलेले. ते माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले असते तर बरं, पण ते नुसते बोलत नव्हते. पाणी हवं असलं तर आईला म्हणायचे, "तिले सांग." मी पाणी नेऊन द्यायचे, ते पिऊन तांब्या खाली ठेवायचे. आई म्हणायची, होईल बोलणं. शाहीन रोज येऊन काहीतरी सांगून त्यांना हसवायची; माझ्यासमोर हसायला आलं की ते थांबायचे. मी भिंतीपलीकडे जाऊन तिच्या अम्मीच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. फवारणी संपली होती, वेचणी सुरू झाली होती, आणि गावभर कापूस भरलेल्या गाड्या फिरत होत्या.

बाबांचा नवा चष्मा दिवाळीच्या दोन-तीन दिवस आधी आला. दुपारी लाइन आली, मी टीव्ही लावला, विमान सुरू केलं. एकटीच होते. बाबा येऊन शेजारी बसले आणि हात पुढे केला. मी रिमोट दिला.

पहिलं यान आलं, गोळी सुटली. बाबांचं अख्खं अंग मागे गेलं, रिमोट हातातून निसटला, विमान फुटलं. दुसरं विमान आलं. गोळी दिसताच ते अंग चोरून एवढे आकसले की बटण दाबायचं राहून गेलं. तिसरंही तसंच. ते टीव्हीपासून हातभर मागे सरकले.

"आता दिसून राहिल्या सार्‍या," ते म्हणाले. "म्हनून भेव लागते."

महिन्याभरात ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होते. ते पडद्याकडेच बघत होते.

"तुले लागलं होतं काय भेव? दवाखान्यात, बोलतानी?"

"हाव," मी म्हणाले. "लय."

"तरी बोलली," बाबा म्हणाले, आणि पुढे सरकून त्यांनी पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं.